आकाशात वीज जाते तेव्हा

मंडळी, वीज जाणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. रात्रीची जेवणे चालू आहेत, ताटात आमटी पडते आहे, आणि एकाएकी सारे घर काळोखात बुडते. कोणीतरी म्हणते, "जागचे हलू नका रे, तांब्या कलंडेल." कोणी देवळीत हात घालून काड्यापेटी चाचपते. शेतावर मोटार चालू असली तर ती थांबते, पाटाचे पाणी हळूहळू आटते, आणि पाणी धरणारा गडी बांधावर टेकतो. वीज यायची तेव्हा येईल. असे बसून राहणे आपल्याला परवडते, कारण आपण जमिनीवर आहोत आणि जमीन कुठे पळून जात नाही.

आता अशी कल्पना करा की शेदीडशे माणसांना घेऊन एक विमान दहा किलोमीटर उंचीवरून चालले आहे. खाली ढग, वर काळोख. आणि त्या विमानातली वीज गेली! तिथे बांधावर टेकायची सोय नाही. मग काय करायचे? माणसाने या प्रश्नाला वेळोवेळी काय उत्तरे दिली, ती कुठे चुकली आणि कुठे बरोबर आली, याचा थोडा इतिहास आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या मास्तराला विमानाशी काय करायचे आहे? पण बघा, विमानाला अपघात झाला की चौकशी बसते. अवशेष गोळा करतात, कागदपत्रे तपासतात, साक्षी घेतात, आणि त्यांतून घडले काय याचा माग काढतात. इतिहास म्हणजे तरी दुसरे काय असते? फरक एवढाच, की या इतिहासातला धडा शिकायचा राहिला तर पुन्हा माणसे मरतात.

आरंभ आपल्याच भूमीवरून करू. १९३२ सालच्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. विमानाचे नाव पस मॉथ. एका इंजिनाचे, चिमुकले. त्यात बिनतारी यंत्र नव्हते. खाली बघायचे, नकाशाशी ताडायचे आणि पुढे जायचे. इंजिनात ठिणगी पाडणारे मॅग्नेटो इंजिनाच्याच फिरण्यावर चालत असे. आपल्याकडच्या जुन्या फटफट्या बॅटरी नसतानाही किक मारून सुरू होत, तोच प्रकार. तेव्हा अशा विमानात 'वीज गेली' म्हणून घाबरण्याजोगे फारसे काही नव्हतेच. धोके होते, पण ते वाऱ्याचे, धुक्याचे आणि इंजिनाचे.

पुढे विमाने मोठी झाली, उंच गेली, रात्रीबेरात्री आणि ढगांतून उडू लागली, आणि वीज त्यांच्या अंगाअंगांत शिरली. बोलायला बिनतारी यंत्र, वाट दाखवायला यंत्र, बर्फ वितळवायला तापक, टाक्यांतले तेल इंजिनाकडे ढकलायला पंप, आणि प्रवाशांचे जेवण गरम करायला भट्ट्यासुद्धा! ही सगळी वीज येते कुठून? प्रत्येक इंजिनाला एकेक जनित्र जोडलेले असते. इंजिन फिरते तसे जनित्र फिरते आणि वीज निर्माण होते. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट वाहते, तर मोठ्या विमानातली साधारणपणे ४०० वेळा. याचे कारण मोठे व्यवहारी आहे. विजेचा वेग असा वाढवला की तेच काम करणारी मोटार आणि रोहित्र लहान व हलके करता येते, आणि विमानात तर छटाक छटाक वजनाचा हिशोब असतो.

जनित्रे एकाहून अधिक असतात, ती मुद्दामच. एक बंद पडले तर दुसऱ्याने भार उचलावा. पण भार फार झाला तर? मग भारनियमन! हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांना चांगला परिचयाचा आहे. फरक इतकाच की विमानात ते अर्ध्या मिनिटात करावे लागते. पहिल्यांदा स्वयंपाकाच्या भट्ट्या बंद. चहा थंड झाला तरी कोणी मरत नाही. उरलेली वीज वैमानिकापुढच्या उपकरणांसाठी राखायची. सगळीच जनित्रे गेली तर शेवटचा आधार बॅटरीचा. पण बॅटरी म्हणजे घरातली साठवणीची घागर. नळ बंद असताना घागर किती वेळ पुरणार? मोठ्या विमानात ती साधारण अर्धा तास पुरावी असा हिशोब धरतात, आणि तीही मोजकी उपकरणेच चालवते.

शिवाय काही विमानांच्या पोटात एक छोटी पवनचक्की मिटून ठेवलेली असते. संकटात ती बाहेर पडते, विमानाच्या वेगाच्या वाऱ्याने गरगर फिरते, आणि कुठे थोडी वीज तर कुठे तेलाचा दाब पुरवते. १९८३ सालच्या २३ जुलैला कॅनडात एका बोइंग ७६७ विमानातले इंधन वाटेतच संपले. कारण काय, तर इंधन मोजताना पौंड आणि किलोग्रॅम यांचा घोटाळा झाला! दोन्ही इंजिने थांबली, त्यांच्याबरोबर जनित्रेही थांबली आणि वैमानिकापुढचे पडदे काळे झाले. पण या पवनचक्कीने सुकाणू हलवण्यापुरता दाब दिला, बॅटरीने चार साधी उपकरणे जागती ठेवली, आणि कप्तान पिअर्सन यांनी ते अवजड धूड घारीसारखे तरंगवत गिमली या गावच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले. ६९ माणसे वाचली. शिक्षक मंडळींनी मापनपद्धती शिकवताना ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

आता मुख्य अडचण नीट समजून घेऊ. वीज गेली म्हणजे विमान दगडासारखे खाली पडते काय? नाही. इंजिने चालू असली तर ते उडत राहते. खरा धोका निराळाच आहे. वैमानिकाला आपण सरळ आहोत की कललेले आहोत, हे कळेनासे होते. तुम्हाला हे खरे वाटणार नाही. "अहो, माणसाला आपण वाकडे झालो हे कळत नाही की काय?" असे तुम्ही म्हणाल. तर एक सोपा प्रयोग करा. अर्धी बादली पाणी घ्या, कडीला धरा आणि हात खांद्याभोवती जोराने गरगर फिरवा. बादली डोक्यावर उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. त्या पाण्याला बादलीचा तळ हाच 'खाली' वाटतो! वळणाऱ्या विमानात बसलेल्या माणसाचे असेच होते. विमान एका अंगाला झुकून वळत असते, आणि शरीर सांगते, "सारे ठीक आहे, तू सरळ बसला आहेस." दिवसा बाहेर क्षितिज दिसते म्हणून फसगत होत नाही. रात्री, ढगांत किंवा समुद्रावर क्षितिजच नसते. म्हणून वैमानिकापुढे एक कृत्रिम क्षितिज ठेवलेले असते. वर आकाश, खाली जमीन, मधे एक रेघ. ही रेघ बघून तो विमान सरळ ठेवतो. या उपकरणाला पुष्कळ विमानांत वीज लागते. ती गेली की रेघ खोटे बोलू लागते.

१९६९ सालच्या १८ जानेवारीची संध्याकाळ. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराहून युनायटेड एअरलाइन्सचे २६६ क्रमांकाचे उड्डाण डेनव्हरकडे निघाले. विमान बोइंग ७२७, तीन इंजिनांचे. आत ३८ माणसे. हवा ढगाळ, बाहेर काळोख, आणि उड्डाणाची वाट समुद्रावरून. या विमानाच्या तीन जनित्रांपैकी तिसरे आधीपासूनच बंद होते. पण दोन जनित्रांवर उडायला नियमाने परवानगी होती, आणि नियम मोडून कोणी काही केले नव्हते. विमान उडाले, आणि थोड्याच वेळात पहिल्या इंजिनाला आग लागल्याची सूचना देणारा दिवा पेटला. वैमानिकांनी शिकवल्याप्रमाणे ते इंजिन बंद केले आणि आपण परत येत असल्याचे नियंत्रण कक्षाला कळवले. इंजिन बंद झाले, त्याबरोबर त्याचे जनित्रही गेले. उरले एकच जनित्र. सगळा भार त्या एकट्यावर पडला, आणि तेही गेले.

पुढचे फार बोलण्यासारखे नाही. दिवे गेले, क्षितिजाची रेघ गेली, विजेवर चालणारी नोंदयंत्रेही थांबली. दोन इंजिने चालू होती, पंख शाबूत होते, पण वर काय आणि खाली काय हे सांगणारे काही उरले नव्हते. उड्डाणानंतर चारपाच मिनिटांच्या आत ते विमान सांता मोनिकाच्या उपसागरात कोसळले. ३८ पैकी कोणीही वाचले नाही.

चौकशी मंडळाने समुद्राच्या तळातून अवशेष काढले, महिनोन् महिने तपासले, आणि अखेर जे लिहिले ते मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फार मोलाचे वाटते. वीज गेल्याने दिशाभान गेले आणि म्हणून विमान पडले, हे त्यांनी निश्चितपणे सांगितले. पण सगळी वीज का गेली, हे आम्हाला ठरवता आले नाही, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले. विमानात राखीव विजेची व्यवस्था होती. ती चालू केली गेली नाही, की चालू करूनही चालली नाही, हेही ठरवता आले नाही, हे त्यांनी कबूल केले. मंडळी, मेलेल्या माणसाच्या माथी दोष मारून मोकळे होणे किती सोपे होते! ते त्यांनी केले नाही. जेवढे कळले तेवढेच लिहिले.

आणि कारण पुरते न कळताही उपाय मात्र झाला. अमेरिकेत पुढे असा नियम आला, की मोठ्या जेट विमानांत तिसरे एक क्षितिज-उपकरण असलेच पाहिजे. त्याची वीज जनित्रांवर अवलंबून असता कामा नये, आणि सगळी जनित्रे बंद पडली तरी त्याने निदान अर्धा तास बिनचूक चालले पाहिजे. आज जगभरच्या विमानांत वैमानिकांच्या मधोमध एक लहानसे राखीव क्षितिज दिसते. लॉस एंजेलिससारख्या अपघातांतून शिकून ते तिथे आले आहे.

पण उपकरण बसवले म्हणजे काम झाले काय? नाही झाले. त्याची साक्ष दुर्दैवाने आपल्या मुंबईच्या समुद्राने दिली. १ जानेवारी १९७८. नव्या वर्षाची पहिली रात्र. एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे जम्बो विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. इथे वीज गेली नव्हती. बिघडले ते फक्त कप्तानापुढचे क्षितिज-उपकरण. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेले दाखवू लागले. कप्तानाने त्यावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळवले, वळवतच नेले, आणि पुढच्या काही क्षणांत ते वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. विमानात त्याच वेळी दुसरीही उपकरणे होती, राखीव क्षितिजही होते. पण खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, आणि हातात मोजून काही सेकंद. एवढ्या वेळात तीन घड्याळांपैकी कोणते खरे हे ओळखायचे! दोष देण्यासाठी हे सांगत नाही. राखीव साधन असणे ही अर्धी गोष्ट झाली, आणि ऐन वेळी डोळा तिकडे जावा इतका सराव असणे ही उरलेली अर्धी, एवढेच त्यावरून ध्यानात यावे. वैमानिकांच्या शाळेत एक जुना क्रम शिकवतात. आधी विमान सांभाळ, मग वाट शोध, आणि मग बोल. ऐकायला किती सोपे! पण संकटात माणसाचा हात नेमका उलट्या क्रमाने धावतो.

आणखी एक उदाहरण सांगतो, आणि मग शेवटच्या गोष्टीकडे वळतो. ७ जानेवारी २००८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचे जम्बो विमान लंडनहून बँकॉकला उतरत होते. चार इंजिने, चार जनित्रे. त्यांपैकी तिन्हींची वीज पाठोपाठ गेली. चार जनित्रांचे विमान एवढे कसे लुळे झाले? चौकशीत सापडले ते आपल्या स्वयंपाकघरातले कारण. मोरी तुंबली होती! विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेतले सांडपाणी तुंबले आणि वाट काढून खाली झिरपले. खाली विजेची नियंत्रणयंत्रे ठेवलेली होती. पाणी अडवणाऱ्या आडोशालाही भेगा होत्या. जनित्रे चार, पण त्यांची नियंत्रणे एकाच गळक्या छपराखाली! चार कणग्या भराव्यात आणि चारही एकाच पागोळीखाली मांडाव्यात, तसे झाले. सुदैव असे की दिवस होता, विमानतळ जवळ होता, आणि बॅटरीने साथ दिली. विमान सुखरूप उतरले. हेच समुद्राच्या मध्यावर झाले असते तर अर्ध्या तासाची घागर कुठवर पुरली असती?

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय निवडला, ती सांगतो.

२०१० साल, ७ सप्टेंबर. रशियाच्या पूर्वेकडे सैबेरियात उदाच्नी नावाचे हिऱ्याच्या खाणींचे गाव आहे. तिथून अलरोसा कंपनीचे तुपोलेव १५४ जातीचे विमान मॉस्कोकडे निघाले. ७२ प्रवासी, ९ कर्मचारी, एकूण ८१ जीव. कप्तान येवगेनी नोवोसेलोव्ह आणि त्यांचे साथी आंद्रेई लामानोव्ह. साडेतीन तास सारे सुरळीत होते. विमान सुमारे १०,६०० मीटर उंचीवर असताना विजेचा घोटाळा सुरू झाला. बॅटरी आतल्या आत तापत गेली आणि तिच्याबरोबर विमानातली सगळी वीज गेली. बिनतारी संपर्क गेला. वाट दाखवणारी यंत्रे गेली. उतरताना वेग कमी करण्यासाठी पंखांच्या मागच्या झडपा खाली करतात, त्याही हलेनात. आणि याहून वाईट म्हणजे इंधनाचे पंप बंद पडले.

इथे शेतकरी बंधूंना फोड करून सांगायची गरज नाही. पंखांतल्या टाक्यांत इंधन भरपूर होते, पण त्यातले इंजिनाजवळच्या टाकीत ढकलणारे पंप विजेचे होते. विहीर तुडुंब, पण मोटारीला वीज नाही! जवळच्या टाकीत उरले होते ते सुमारे ३,३०० किलो इंधन, म्हणजे अर्ध्या तासापुरते. त्या अर्ध्या तासात उतरायला जागा सापडली तर ठीक, नाही तर खाली मैलोन् मैल पसरलेले सूचिपर्णी अरण्य आणि दलदल होतीच.

वैमानिकांनी जुना क्रम पाळला. आधी विमान सांभाळले. सुकाणू तेलाच्या दाबावर चालत होते आणि तो दाब इंजिनांकडून मिळत होता, म्हणून विमान हाताशी होते. ते हळूहळू ढगांतून खाली उतरले. क्षितिज दाखवणारी यंत्रे बंद होती. त्या वेळी वैमानिकांनी पाण्याचा पेला समोर ठेवून कलण्याचा अंदाज घेतला, असे वृत्तांतांत आले आहे. आता तुम्ही बादलीचा प्रयोग आठवा. वळणाऱ्या विमानात पेल्यातले पाणीही फसते. ते पूर्ण खरे सांगत नाही. तेव्हा पेल्याची गोष्ट वाचून पेल्याला फार श्रेय देऊ नये. श्रेय द्यायचे ते ढगाखाली उतरून डोळ्यांनी खरे क्षितिज गाठण्याच्या निर्णयाला.

ढगाखाली आल्यावर त्यांनी वाट शोधली. नद्या दिसल्या. नदीत उतरावे काय, असाही विचार झाला. आणि मग जंगलात एक सरळ पट्टी दिसली. धावपट्टी!

हे होते इझ्मा नावाचे गाव, कोमी प्रजासत्ताकातले. तिथे पूर्वी लहान विमाने येत असत. पुढे ती बंद झाली आणि उरली फक्त हेलिकॉप्टरची ये-जा. हेलिकॉप्टरला लांब पट्टी लागत नाही, उतरायला एक अंगण पुरते. तेव्हा ती १,३२५ मीटरची काँक्रीटची पट्टी आता कोणाच्याच कामाची नव्हती. आपल्याकडे अशा जागेचे काय होते, हे मी सांगायला हवे काय? आधी फटींतून गवत येते, मग बाभळी येतात. कोणी कडबा रचतो, कोणी मोडकी गाडी आणून लावतो, आणि दहा वर्षांनी तिथे पट्टी होती हे म्हाताऱ्यांनाच आठवते.

इझ्माला असे झाले नाही. कारण तिथे सेर्गेई सोत्निकोव्ह नावाचे एक गृहस्थ होते. विमानतळ होता तेव्हापासून ते तिथे होते आणि पुढे त्या हेलिकॉप्टरतळाचे प्रमुख झाले. पट्टी स्वच्छ ठेवा असा हुकूम त्यांना कोणी दिला नव्हता. पण ते वर्षानुवर्षे तिच्यावरची झुडपे उपटत राहिले, गाडीवाल्यांना आणि लाकडे टाकणाऱ्यांना तिथून हटकत राहिले. इतकी वर्षे एकही विमान आले नाही. लोक काय म्हणत असतील याची कल्पना आपण करू शकतो. ज्याला गावात कोणी विचारत नाही असे काम नेमाने करणारा एखादा माणूस प्रत्येक गावात असतो, आणि त्याला थोडा हसणाराही प्रत्येक गावात असतो.

तर त्या दिवशी ते वैमानिक आकाशातून आले. या जातीच्या विमानाला एरवी दोन किलोमीटरांहून अधिक पट्टी लागते. इथे सव्वा किलोमीटरापेक्षा थोडी जास्त. त्यात पंखांच्या झडपा हलत नसल्यामुळे वेगही नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक, ताशी साडेतीनशे किलोमीटरांच्या वर. दोनदा त्यांनी जवळ येऊन अंदाज घेतला आणि तिसऱ्या खेपेस चाके टेकवली. पट्टी संपली तरी विमान थांबेना. पुढे सुमारे १६० मीटर ते कोवळ्या झाडांत घुसले, फांद्या मोडत गेले, आणि थांबले. दारे उघडली, रबरी घसरगुंड्या लावल्या, माणसे खाली उतरली. मोजली. ८१. एकालाही इजा नाही.

पट्टीवर एक रचलेली मोळी असती, एक मोडकी गाडी असती, चार वर्षांची बाभळ असती, तर ही मोजणी निराळी झाली असती.

नोवोसेलोव्ह आणि लामानोव्ह यांना 'रशियन संघराज्याचे वीर' हा सर्वोच्च किताब मिळाला. बाकीच्या कर्मचाऱ्यांचाही गौरव झाला. आणि सोत्निकोव्ह यांनाही पुढे सरकारी पदक देण्यात आले, हे वाचून बरे वाटते. विमानाचे काय झाले म्हणाल, तर ते त्याच रानात दुरुस्त केले, शक्य तितके हलके केले, आणि २०११ च्या मार्चमध्ये त्याच आखूड पट्टीवरून ते पुन्हा उडाले. पुढे २०१८ पर्यंत ते प्रवाशांची ने-आण करीत होते.

या साऱ्या इतिहासातून मला काय दिसते ते सांगतो. आपण 'राखीव' हा शब्द सहज वापरतो. राखीव बॅटरी, राखीव उपकरण, राखीव निधी. पण शब्दाकडे नीट बघा, बरं का. राखीव म्हणजे राखलेले. जे कोणीतरी राखले आहे, ते राखीव. लॉस एंजेलिसच्या विमानात राखीव वीज होती, पण ती त्या क्षणी कामी आली नाही. मुंबईच्या विमानात राखीव क्षितिज होते, त्याचा उपयोग करण्याइतका वेळ आणि शांतपणा मिळाला नाही. बँकॉकच्या विमानात जादा जनित्रे होती, पण त्यांच्या डोक्यावरची मोरी कोणी बघितली नव्हती. आणि इझ्माला जी पट्टी कोणाच्या हिशोबातच नव्हती, तीच खरी राखीव निघाली. कारण तिला एक राखणदार होता.

राखणीच्या कामाची अडचण अशी की ते नीट झाले तर दिसतच नाही. पिकाची राखण करणाऱ्याला विचारा. पाखरांनी कणीस खाल्ले तर सारे गाव त्याला बोल लावते. नाही खाल्ले, तर त्याने केले काय, असे विचारते! सोत्निकोव्ह यांच्या पट्टीवर ते विमान कधीच आले नसते, तर त्यांचे काम वाया गेले असे आपण म्हटले असते काय? मी तरी म्हणणार नाही. ते विमान आले म्हणून आपल्याला ते काम दिसले, एवढेच. काम आधीही तेवढेच खरे होते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, एवढे करा. मुलांकडून बादलीचा प्रयोग करून घ्या, त्यांना तो फार आवडेल. आणि तो झाल्यावर त्यांना घेऊन शाळेच्या व्हरांड्यात जा. आग विझवायच्या लाल बादल्या तिथे टांगलेल्या असतील. आत वाळू आहे की चुरगळलेले कागद आणि चिंचोके आहेत, ते त्यांनाच बघायला सांगा. कागद निघाले तर रागावू नका. बादल्या रिकाम्या करून वाळू भरायला लावा, आणि दर महिन्याला ती कोणी बघायची, तेवढे एका मुलाचे नाव ठरवून टाका.